कोकणात जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर घेताना काय बघायचं

विकायला निघालेल्या जुन्या गाडीसमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न तोंडात येतो, ‘चालू आहे का?’ कोकणात हा प्रश्न शेवटी विचारायचा. फियाटचं १०८९ सीसीचं किंवा जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन ओळखणारा मिस्त्री अजून सापडतो. इंजिनाच्या मोठ्या कामाला, म्हणजे बोअर मारायला (सिलिंडर आतून घासून घ्यायला) किंवा क्रँक ग्राइंड करायला घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाता येतं. खाऱ्या हवेने आतून खाल्लेल्या पत्र्याचं तसं नाही. त्यात गाडीच्या किमतीच्या दुप्पट पैसे घातले तरी ती सरळ रेषेत धावेल याची खात्री कोणी देत नाही.

कारण साधं आहे. फियाट ११००, तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर या गाड्यांना वेगळी चॅसी नाही. फ्लोअर, दारांखालचे रनिंग बोर्ड, खांब आणि छत हाच त्यांचा सांगाडा. महिंद्राच्या जुन्या जीपला खाली शिडीसारखी चॅसी असते, त्यामुळे बॉडी कुजली तरी नवी बसवता येते. इथे पत्रा गेला की सांगाडाच गेला. म्हणून आधी कागद, मग पत्रा आणि त्यानंतर इंजिन. कागद आधी, कारण ते बघायला पैसे लागत नाहीत.

निघण्याआधी फोनवर विचारायच्या गोष्टी

गाडी आजवर कुठे उभी होती, हे नीट विचारा. नुसतं गाव कळून उपयोग नाही, जागा कळली पाहिजे. हर्णै, देवगड, मालवण, वेंगुर्ला इथे किनाऱ्याला लागून उभी राहिलेली गाडी आणि लांजा, संगमेश्वरच्या आतल्या गावातली गाडी यांत फार फरक पडतो. लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर येतात आणि त्यांचा जोर किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांत सर्वांत जास्त असतो. मीठ हवेतली ओल ओढून धरतं, म्हणून पाऊस नसतानाही पत्र्याच्या सांध्यांत गंज चालू राहतो. खाडीकाठालाही हेच लागू. गाडी वर्षानुवर्षं एकाच दिशेला तोंड करून उभी असेल, तर समुद्राकडची बाजू जास्त खाल्लेली निघते. दोन्ही बाजू सारख्याच काळजीने तपासा.

ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी पडवीत उघडी ठेवलेल्या गाडीपेक्षा चांगली असेलच असं नाही. प्लास्टिकची ताडपत्री खालून चढणारी ओल आत कोंडते. मातीच्या जमिनीवर चार पावसाळे ताडपत्रीखाली काढलेल्या गाडीचं फ्लोअर बहुधा गेलेलं असतं. मांगरातली (शेता-बागेतल्या खोपीतली) गाडी असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडलेली असणार, हे गृहीत धरूनच चला.

आमचं स्पष्ट मत आहे: तुम्ही कोकणात राहत असाल आणि दोन-तीन महिने थांबायची तयारी असेल, तर घाटावरची गाडीही बघा. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या गाडीचा पत्रा त्याच वर्षाच्या किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा सहसा खूपच धड असतो.

कागद

आरसीचा फोटो मागवा आणि नंबर परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर टाकून बघा. जुनी पुस्तकी आरसी असलेली गाडी तिथे दिसतच नसेल, तर तिची नोंद संगणकावर चढलेली नाही. ती नोंद मूळ आरटीओतून चढवून घ्यावी लागते, त्याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात. हे काम विकणाऱ्यानेच व्यवहाराआधी करून द्यायचं. रत्नागिरीचा एमएच-०८, सिंधुदुर्गाचा एमएच-०७ आणि पेणचा एमएच-०६ हे हल्लीचे क्रमांक. त्याआधीच्या गाड्यांवर तीन अक्षरी जुने नंबर असतात आणि गाडी आज रत्नागिरीत असली तरी तिची मूळ नोंद मुंबईत निघू शकते.

पुढे हे बघा:

खासगी गाडीची आरसी पहिली १५ वर्षं चालते, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण लागतं. किती वर्षं थकलंय ते बघा. दंड, पर्यावरण कर आणि फिटनेसचा खर्च कोण करणार, हे भाव ठरवतानाच लिहून घ्या.

चॅसी नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो. तो स्वतः वाचा, फोटो काढा, आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. नंबराभोवतीचा पत्रा घासलेला किंवा नव्याने वेल्ड केलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबर जुळत नसेल तर लगेच घाबरू नका. या गाड्यांत इंजिनं बदलली जायची, पेट्रोलच्या जागी डिझेल बसवलं जायचं. पण तो बदल आरसीवर चढलेला हवा.

मूळ मालक हयात नसणं ही कोकणातली नेहमीची परिस्थिती. गाडी आजोबांच्या नावावर, घर सामाईक, मुलं मुंबईत. अशा वेळी आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी, आणि बाकीच्या वारसांची संमती हवी. गावातल्या एकट्या भावाच्या शब्दावर विसार देऊ नका. गणपतीत सगळे घरी येतात, सह्या त्याच आठवड्यात होतात. पुढे ढकललं तर शिमग्यापर्यंत कोणी भेटत नाही.

पद्मिनी स्वस्तात मिळत असेल तर ती मुंबईची टॅक्सी होती का, हे तपासा. दाराचं रबर, बोनेटची आतली कड, डॅशबोर्डची मागची बाजू इथे काळा रंग आणि छताच्या अस्तराखाली पिवळा रंग सापडतो. छतावर टॅक्सीच्या दिव्याची आणि डाव्या अंगाला मीटरची बुजवलेली भोकंही असतात. परवाना संपून नोंदणी रद्द झालेली टॅक्सी नुसत्या रंगाने खासगी होत नाही.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी घेता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. १९७४ च्या सुमाराला पद्मिनी हे नाव मिळालेल्या पहिल्या गाड्या आता त्यात बसू लागल्या आहेत. पण ही नोंदणी घेतली की रोजच्या वापरावर बंदी येते: प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढता येते. बाजारहाटाला, मुलांना शाळेत सोडायला गाडी हवी असेल तर साधीच नोंदणी ठेवा.

पत्रा

याला किमान दोन तास द्या. बरोबर न्यायचं सामान: टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर, जॅक आणि दोन मजबूत घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), मोजपट्टी, मल्टीमीटर, कॉम्प्रेशन गेज, खाली अंथरायला ताडपत्रीचा तुकडा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. अंगणातल्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी द्या.

गाडी सकाळी, कोरडी असताना बघा. ओला रंग लांबीचे, म्हणजे पत्र्यावर भरलेल्या पुट्टीचे, लाटेसारखे उंचवटे लपवतो. पुढच्या दिव्याजवळ गुडघ्यावर बसून मागपर्यंत नजर टाका. बाजूची रेष कुठे ढवळलेली दिसते तिथे हात फिरवा, मग चुंबक लावा. चुंबक पकडत नसेल तर आत लांबी भरलेली आहे. दाराचा खालचा वीतभर भाग, चाकांच्या वरच्या कमानी, मागच्या मडगार्डचा खालचा कोपरा, पुढच्या काचेचे खालचे कोपरे, पुढच्या दिव्यांच्या मागची जागा: सुरुवात इथून करा. एखाद्या जुन्या पोच्यावर पातळ लांबी असणं मान्य आहे. काचेच्या कोपऱ्यात लांबी असणं मान्य नाही, कारण तिथे भोक पडलेलं असतं आणि त्यातून पाणी थेट पायाखाली जातं.

मग कार्पेट उचला. विकणारा नाही म्हणाला तर तोच निकाल समजा. चालकाच्या पायाखाली, मागच्या सीटच्या खाली, डिकीत स्टेपनीच्या जागी आणि पेट्रोल टाकीच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. धड पत्रा टणटणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द आवाज आला तिथे विकणाऱ्याला सांगून टोकाने हलकं दाबा. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं तर तिथे फोटो काढा.

आता खालून. रनिंग बोर्डची पोकळी हे या गाड्यांचं मर्मस्थान. जांभ्याच्या रस्त्यावरची लाल धूळ चाकांमागून उडून आत जाते, पाणी बाहेर पडायची भोकं बुजतात, आणि मीठ घेऊन आलेली ओल तिथे उन्हाळ्यापर्यंत टिकते. त्यामुळे रनिंग बोर्ड आतून बाहेर गंजतात, आणि बाहेरून फोड दिसेपर्यंत आतला अर्धा पत्रा संपलेला असतो. भोकात तार घालून माती काढून बघा. मातीबरोबर गंजाचे पापुद्रे आले तर आत काय उरलंय ते समजतं.

ताकदीची परीक्षा अशी. पुढची दारं बंद करून त्यांच्या कडेच्या फटी मोजून ठेवा. मग रनिंग बोर्डच्या मध्याजवळ, जॅकच्या जागी, फळी लावून एक बाजू चाकं जेमतेम सुटेपर्यंत उचला. पत्रा दबला, करकरला, फटी बदलल्या किंवा दार उघडेना झालं, तर सांगाड्यात जीव नाही. दार उघडं ठेवून त्याचं टोक वर उचलूनही बघा. हालचाल बिजागरीच्या खिळ्यात असेल तर किरकोळ काम, खांबच हलत असेल तर मोठं.

त्यानंतर मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बॉडीला टांगलेले असतात ते कान बघा. घाटातल्या प्रत्येक खड्ड्याचा भार तिथे येतो. पाट्यांच्या थरांमध्ये गंज फुगून पानं एकमेकांपासून दुरावलेली दिसली तर पाटे नवे लागतील. तो खर्च मोजता येतो. कानाभोवतीचा पत्रा फाटला असेल तर मोजता येत नाही. अ‍ॅम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) असतात, त्यांची मागची टोकं फ्लोअरखालच्या आडव्या मेंबरला जिथे अडकतात ती जागा याच नजरेने बघा.

खालून ताजा काळा डांबरी थर दिसला तर सावध व्हा. त्याखाली वेल्ड केलेले पत्र्याचे तुकडे असू शकतात. याउलट, दर पावसाळ्याआधी खालून जुनं ऑइल मारून काळी-चिकट झालेली गाडी ओंगळ दिसते, पण ती सांभाळलेली गाडी आहे.

क्रोमच्या पट्ट्या, जाळी, दिव्यांच्या काचा, नावाची अक्षरं, आतली हँडलं यांपैकी काय काय नाही याची यादी करा. नवखे खरेदीदार इंजिनाकडे बघत बसतात आणि नंतर एका टेललाइटच्या काचेसाठी वर्षभर चोरबाजार पालथा घालतात. अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती, तिचं सामान तुलनेने मिळतं. पुढून डुकराच्या तोंडासारखी दिसणारी पन्नाशीच्या दशकातली ‘डुक्कर फियाट’ असेल तर अपुरी गाडी घेऊच नका.

पुराची आणि वादळाची गाडी

२२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी शिरलं, त्याच सुमारास महाड आणि खेडही बुडालं. तेव्हा बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या असतील, हे धरून चला. गाळ माणसाचा हात पोहोचत नाही तिथे राहतो: हेडलाइटच्या वाटीत, डॅशबोर्डच्या वरच्या आतल्या कडेवर, वायरिंगच्या पट्टीच्या घड्यांत, सीटच्या स्प्रिंगांमध्ये, हीटरच्या किंवा हवेच्या खोक्यात. रस्त्याची धूळ खालून आणि चाकांजवळून चढते. डॅशबोर्डमागे वरपर्यंत एकसारखा बारीक गाळ हा पुराचाच. गोड्या पाण्यात बुडालेली गाडी सुधारता येते, पण वायरिंग, डायनॅमो, सेल्फ, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) सगळं उघडावं लागतं. भाव तसाच लावा.

श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड भागातली गाडी असेल तर छत बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माड-पोफळी गाड्यांवर कोसळल्या. छताचा पोचा निघतो. खांब वाकला असेल तर पुढची काच नीट बसत नाही आणि दर पावसात गळते.

इंजिन

इंजिन थंड असताना सुरू करायचं, हे आधीच सांगून ठेवा आणि पोचल्यावर बोनेटवर हात ठेवून खात्री करा. गाडी वर्षभराहून जास्त बंद असेल तर विकणाऱ्याला थेट सेल्फ मारू देऊ नका. आधी स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, थोडा वेळ थांबा, हँडलची सोय असेल तर हँडलने, नाहीतर वरच्या गिअरमध्ये टाकून गाडी हळू ढकलत इंजिन फिरतंय का बघा. ओलीने पिस्टनच्या रिंगा बोअरला चिकटलेल्या असतात. जबरदस्तीने फिरवलं तर रिंग तुटते आणि बोअर खरवडतं.

रेडिएटरचं झाकण उघडा. फियाटचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचं आहे. कूलंट न घालता विहिरीचं पाणी ओतायची सवय सगळीकडेच आहे, आणि खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं. ते पाणी हेडच्या पाण्याच्या वाटा खातं, गास्केटची कड पोखरतं आणि ब्लॉकच्या बाजूचे गोल पत्र्याचे प्लग आतून गंजवतं. पाणी तांबडं गढूळ असेल, नळ्यांच्या तोंडाशी पांढरी पूड असेल, त्या गोल प्लगांखाली ओघळ असतील तर हेड उतरवायचा खर्च धरा. ऑइलच्या झाकणाखाली थोडी दुधाळ साय दिसली म्हणून लगेच गास्केट गेलं असं नाही. दमट हवेत कमी चालणाऱ्या गाडीत ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र पाणी आत जातंय.

कॉम्प्रेशन गरम इंजिनवर, चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजा. कमी कॉम्प्रेशनच्या या जुन्या इंजिनांत १२० पीएसआयच्या आसपासचा आकडा समाधानाचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही सिलिंडरांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सारखेच कमी असतील तर गास्केट.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फुगवतं, आणि दमट हवेतून पाणी ओढतं. फक्त गणपतीत आणि शिमग्यात चालणाऱ्या चाकरमान्याच्या गाडीत हे पाणी टाकीच्या तळाशी बसतं. कार्ब्युरेटरची वाटी उघडून तांबूस गाळ आहे का बघा. असेल तर टाकी उतरवून साफ करायला हवी, नुसता कार्ब्युरेटर धुऊन भागणार नाही.

वायरिंगची एखादी जोडणी सोडवून तांबं बघा. खाऱ्या हवेत ते इन्सुलेशनच्या आत लांबवर हिरवं पडतं. हेडलाइट लावून बॅटरीवर आणि दिव्याच्या टोकाशी व्होल्ट मोजा. एक व्होल्टाहून जास्त पडत असतील तर वायर, स्विच किंवा अर्थिंग खराब आहे.

चालवून बघताना

आधी ब्रेक. जुन्या गाड्यांत चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला की सगळेच ब्रेक जातात. पेडल एक मिनिट जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, चाकांचे सिलिंडर आतून गंजतात, आणि घाट उतरताना त्या ऑइलमधलं पाणी उकळून पेडल पोकळ होतं.

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ थांबला तर बेअरिंग, तसाच राहिला तर फियाटमध्ये किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा).

मग जवळचा चढ गाठा. चढावर हँडब्रेक लावून गाडी सोडताना क्लच घसरतो का बघा. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न करकरता पडावा म्हणून असलेली रिंग) नसतो, त्यामुळे चालत्या गाडीत तो करकरला तर दोष धरू नका. दुसरा करकरला तर धरा. उतारावर तिसऱ्यात पाय सोडा: गिअर आपोआप सुटतो का, डिफरन्शियल किंचाळतो का. उताराच्या शेवटी पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर निळ्या धुराचा लोट आला तर व्हॉल्व्ह गाइड, चढावर सतत निळा धूर असेल तर रिंगा. परत आल्यावर खाली पुठ्ठा घालून गाडी अर्धा तास उभी करा आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करून बघा. मे महिन्यात हीच परीक्षा सर्वांत कठीण.

शेवटी बागेच्या पाइपने छतावर आणि काचांवर दहा मिनिटं पाणी सोडा आणि आत बसून बघा. शक्य असेल तर दुसऱ्यांदा भेट भर आषाढातच द्या.

घ्यायची की सोडायची

चॅसी नंबर संशयास्पद, वारसांची संमती नाही, उचलल्यावर फटी बदलतात, पाट्यांचे कान किंवा टॉर्शन बारची जागा फाटलेली: यांतलं एकही असेल तर भाव कितीही उतरवला तरी सोडा. फ्लोअरचे तुकडे, ब्रेक, किंगपिन, हेड, वायरिंग, टायर हे सगळं भावात बसवता येतं. प्रत्येक कामाचा अंदाज स्थानिक मिस्त्री आणि डेंटर दोघांकडून वेगवेगळा घ्या. डेंटरने सांगितलेल्या आकड्याला दीडपट करा, कारण जुना पत्रा कापल्यावर त्यामागचा आणखी पत्रा खराब निघतो. एकूण खर्च पूर्ण धड गाडीच्या किमतीच्या वर गेला तर धड गाडी शोधा.

विसार देताना पावतीवर चॅसी नंबर, थकबाकी कोणाची, कोणते सुटे भाग सोबत मिळणार हे लिहा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असल्यास फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओची गाडी असल्यास फॉर्म २८ ची एनओसी घ्या. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सही करा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या, तोवर गाडी रस्त्यावर आणू नका. वर्षभर बंद असलेली गाडी कितीही छान सुरू झाली तरी ती टेम्पोवर चढवूनच घरी आणा. आणल्यावर पहिलं काम ब्रेकचं: चारही सिलिंडर, रबरी पाइप आणि ऑइल नवं.